सैनिकाच्या पेटीतील पोस्टकार्डे आणि छायाचित्रे : पेटी उघडण्यापासून नोंद पूर्ण होईपर्यंत

पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात समुद्रापार गेलेल्या शिपायाने जमवलेली चित्रकार्डे, फोटो आणि पाकिटे खानदेशातल्या कित्येक घरांत अजूनही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. कुणीतरी ती पेटी खाली काढते, आणि मग चुका बहुतेक एकाच क्रमाने होतात. ओल्या फडक्याने फोटो पुसले जातात, देशानुसार किंवा आकारानुसार त्यांची वाटणी होते, चांगले दिसणारे चार-सहा फोटो लॅमिनेट केले जातात, उरलेले खळीने अल्बममध्ये चिकटवले जातात, आणि सगळे झाल्यावर कुणाला तरी आठवते की यातली माणसे कोण होती हे म्हाताऱ्या आत्याला विचारायचे राहून गेले. अमळनेर तालुक्यातल्या एका घरी मी असा अल्बम पाहिला आहे. चाळीसच्या आसपास कार्डे पुठ्ठ्यावर घट्ट बसलेली होती, त्यांची चित्रे स्वच्छ होती आणि मागचे एकही अक्षर आता वाचता येणार नव्हते.

कार्डाची मागची बाजू आणि गठ्ठ्यातली त्याची जागा या दोन गोष्टी एकदा गेल्या की कितीही खर्च केला तरी परत मिळत नाहीत, तर चित्र मात्र पुष्कळदा हजारोंनी छापलेले असते. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नये. एखाद्या टप्प्याला वेळ नसेल तर तिथेच थांबावे, पण पुढच्या टप्प्यावर उडी मारू नये.

तयारी : केव्हा, कुठे आणि कशाने

हे काम दिवाळीनंतर ते माघापर्यंतच्या कोरड्या थंड दिवसांत करावे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. त्या उन्हाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर कोरडा पडून तडकतो आणि हाताचा घाम प्रत्येक वस्तूला लागतो. आषाढ-श्रावणात हाच थर दमट हवेने चिकट होतो. श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी घर रंगवायला काढले म्हणून पेटी खाली आली असेल तर ती न उघडता कोरड्या खोलीत ठेवून द्यावी. चुना आणि रंगाचे काम चालू असलेल्या घरात ती उघडू नये.

जागा म्हणून मोठे टेबल किंवा जमिनीवर पाट मांडून त्यावर धुतलेली पांढरी सुती चादर पुरेशी आहे. पंखा बंद ठेवावा आणि उन्हाची तिरीप वस्तूंवर येऊ देऊ नये. जवळपास चहा, पाणी, तंबाखू, कुंकू, तेल काहीही नको.

साहित्य थोडेच लागते: मऊ केसांचा रंगकामाचा कोरा ब्रश, दहापट मोठे दाखवणारे भिंग, २बी किंवा ४बी पेन्सिल, मोजपट्टी, एक जाड वही, पांढऱ्या कोऱ्या कागदांचे गठ्ठे, नायट्राइलचे पातळ हातमोजे, तोंडाला मास्क आणि मोबाइल. हातमोजे नसतील तर साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि फोटो फक्त कडांना धरावेत. सुती हातमोजे घालून पातळ कागद उचलू नयेत, कारण बोटांना कडेचा अंदाज येत नाही आणि कोपरा दुमडतो.

*सावधान:* बॉलपेन, जेलपेन आणि मार्कर त्या खोलीतूनच बाहेर ठेवावेत. टेबलावर पेन असले की घाईत तेच हातात येते.

टप्पा १ : हात लावण्याआधी पेटी टिपून घ्यावी

पेटीचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी वरून, बाजूने आणि झाकणाच्या आतून मोबाइलवर फोटो घ्यावेत. झाकणावर रंगाने लिहिलेला नंबर, नाव, पलटणीचे नाव किंवा जहाजावर चढवताना लावलेले लेबल असू शकते. गंज घासून काढताना हीच अक्षरे जातात. बुरशीचा वास आला तर मास्क लावून पेटी सावलीत, वारा नसलेल्या ओट्यावर न्यावी.

त्यानंतर एकेक थर उचलावा. वरच्या थरातली पाकिटे, त्यांखालची बांधलेली गठडी, तळाशी सुटे पडलेले फोटो, या प्रत्येक थराचा उचलण्यापूर्वी एक फोटो घ्यावा. पाकिटातून बाहेर काढलेली कार्डे ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने, पालथी न करता, ओळीत मांडावीत. रिकामे पाकीट टाकून देऊ नये. कित्येकदा स्टुडिओचे नाव, शहर आणि प्रतींची संख्या फक्त त्या पाकिटावरच असते.

हा क्रम इतका का जपायचा, हे मी माझ्या हातून झालेल्या नुकसानीने शिकलो. आमच्याच नात्यातल्या एका पेटीतली कार्डे मी पहिल्याच दिवशी मिसर (इजिप्त), इराक, इटली अशी देशवार लावली. नंतर दोन पाकिटांवर वेगवेगळ्या सोबत्यांची नावे सापडली. म्हणजे मूळ गठ्ठे देशांचे नव्हतेच, एकेका मित्राने दिलेले होते, आणि कोणते कार्ड कोणाचे हे सांगणारी एकमेव खूण मीच पुसून टाकली होती.

टप्पा २ : क्रमांक द्यावा, मगच पुढे जावे

आधी गठ्ठ्याला क्रमांक, मग त्यातल्या वस्तूला. तिसऱ्या पाकिटातले सातवे कार्ड म्हणजे ०३-००७. हा क्रमांक मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, मागच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात कोऱ्या जागी लिहावा. लिहिताना फोटो काचेवर किंवा गुळगुळीत कठीण पृष्ठावर पालथा ठेवावा, म्हणजे पुढच्या बाजूला उठाव येत नाही. मागची बाजू चकचकीत असेल आणि पेन्सिल उमटत नसेल तर जोर करू नये. क्रमांक वस्तू ज्या कागदी पाकिटात ठेवायची त्या पाकिटावर, वस्तू आत घालण्यापूर्वी लिहावा.

वहीत प्रत्येक वस्तूला एक ओळ द्यावी आणि तिच्यात क्रमांक, आकार सेंटिमीटरमध्ये, पुढे काय दिसते, मागे काय लिहिले किंवा छापले आहे, नुकसान काय, एवढे लिहावे. या टप्प्यावर अर्थ लावू नये. "पगडी घातलेले चार पुरुष, मागे तंबू" एवढेच लिहावे. "आजोबा बगदादला" असे लिहिले की पुढचा प्रत्येक जण ते सिद्ध झालेले धरून चालतो.

*तपासणी:* वहीतल्या ओळी आणि मांडलेल्या वस्तू मोजून बघाव्यात. संख्या जुळत नसेल तर आत्ताच शोध घ्यावा, उद्या तो घेता येणार नाही.

टप्पा ३ : धूळ काढणे आणि जे चिकटले आहे ते तसेच ठेवणे

कोरड्या मऊ ब्रशने मधून कडेकडे, एकाच दिशेने धूळ लोटावी. एवढीच सफाई घरी करण्याजोगी आहे. पाणी, थुंकी, स्पिरिट, कापसाचा बोळा, खोडरबर यांतले काहीही फोटोच्या पुढच्या बाजूला लावू नये. जुन्या फोटोच्या काळ्या भागात निळसर चांदीसारखी झाक दिसते, ती मळ नव्हे. कागदावरच्या थरातली चांदीच वर येऊन चमकत असते आणि ती घासली तर चित्र घासले जाते. देवघराजवळ टांगलेल्या फोटोवर हळदीकुंकवाचे डाग असतील तर तेही राहू द्यावेत.

गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड मात्र काढावेत. वितळून कागदाला चिकटलेला रबर ओढू नये, तो दोन्ही बाजूंनी कापून चिकटलेला तुकडा तिथेच सोडावा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवण्याचा प्रयत्न करू नये, काचेसकट स्कॅन करावा. एकमेकांना चिकटलेले फोटो वाफेवर धरण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने थर सुटतो खरा, पण तो कागदापासून सुटतो. असे गठ्ठे अभिलेख-जतनाचे काम शिकलेल्या व्यक्तीकडेच न्यावेत.

पोस्टकार्डावरचे तिकीट पाण्यात भिजवून काढणे ही या टप्प्यावरची सर्वांत महाग चूक आहे. तिकीट वीस पैशांचे असो की दोनशे रुपयांचे, त्याच्यावर अर्धा उमटलेला टपाली शिक्का हीच त्या कार्डाची तारीख आणि पत्ता असतो.

टप्पा ४ : हातातली वस्तू नेमकी काय आहे

वस्तू वेगळ्या ढिगांत टाकायच्या नाहीत, वहीत प्रत्येकीपुढे प्रकार लिहायचा आहे. भिंगाखाली चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसले तर ते छापखान्यात छापलेले कार्ड आहे. ठिपके नसून करड्या छटा सलग मिसळत असतील तर तो छायाचित्राच्या कागदावर उमटवलेला फोटो आहे. मात्र फोटो आहे म्हणून तो त्या शिपायाने काढला असे ठरत नाही. कैरो, जेरुसलेम, बगदाद, रोम इथल्या दुकानांत लहान चकचकीत फोटोंचे संच पाकिटात विकले जात. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत क्रमांक किंवा इंग्रजी-फ्रेंच नाव असेल तर तो विकत घेतलेला संच समजावा. कैरोतल्या लेनर्ट अँड लँड्रॉक यांच्यासारख्या स्टुडिओंची वाळवंटाची आणि बाजारांची चित्रे तर दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक देशांच्या सैनिकांनी घरी नेली.

सैनिकांच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातले फोटो बहुधा निगेटिव्हच्याच आकाराचे असतात. वेस्ट पॉकेट कोडॅकचे साधारण ४ गुणिले ६.५ सेंटिमीटर, साध्या पेटी-कॅमेऱ्याचे ६ गुणिले ९ सेंटिमीटर. स्टुडिओतले फोटो मागे पोस्टकार्डाची छपाई असलेल्या कागदावर उमटवले जात, कारण तेच पाठीमागे पत्ता लिहून घरी धाडता येत. छापील वाक्यांपैकी नको ती खोडायची आणि फक्त सही करायची असे फील्ड सर्व्हिस कार्ड पहिल्या युद्धात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्यावर मजकूर नाही म्हणून ते टाकून देऊ नये, कारण कोणते वाक्य खोडले नाही हाच त्याचा मजकूर आहे. दुसऱ्या युद्धात, १९४१ पासून, एअरग्राफ नावाची सोय होती. तीत पत्राचा फोटो फिल्मवर घेऊन तिकडे त्याची छोटी छापील प्रत हाती मिळे. लोक तिला "पत्राची झेरॉक्स" समजून बाजूला टाकतात, पण मिळालेले पत्र म्हणजे तीच असते.

पेटीत निगेटिव्ह असतील तर ते त्याच दिवशी वेगळे करावेत, हा एवढा अपवाद. १९५० पूर्वीची रोल फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती सहज पेट घेते. कडेला इंग्रजीत "सेफ्टी" छापलेले नसेल, फिल्म पिवळी-तपकिरी पडली असेल, चिकट झाली असेल किंवा तिला तिखट आम्लासारखा वास येत असेल तर ती बंद डब्यात ठेवू नये. कागदी पाकिटात घालून घरातल्या सर्वांत थंड, हवेशीर आणि चुलीपासून दूर अशा जागी ठेवावी व लवकरात लवकर जाणत्या व्यक्तीला दाखवावी. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेटची फिल्म आहे. तिला आगीचे भय तितके नाही, पण तीही इतरांपासून वेगळी हवी.

*सावधान:* काडी लावून फिल्म तपासण्याची पद्धत कधीही वापरू नये.

टप्पा ५ : मागची बाजू वाचणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. एका बैठकीत दहा-पंधरा कार्डांपेक्षा जास्त घेऊ नयेत. तेवढ्यानंतर डोळा अक्षरे पाहत नाही, अंदाज पाहू लागतो.

*तिकीट आणि शिक्का.* तिकिटावर पाचवा जॉर्ज असेल तर तिकीट १९३६ च्या आधीच्या राजवटीतले, सहावा जॉर्ज असेल तर त्यानंतरचे. भारतीय तिकिटावर काळ्या शाईत इंग्रजी आय-ई-एफ ही अक्षरे छापलेली असतील तर ते १९१४ पासून भारतीय मोहिमी सैन्यासाठी काढलेले तिकीट आहे. तिकीट नसले तरी कार्ड टपालातून आले नाही असे मानू नये, कारण आघाडीवरच्या सैनिकांचे टपाल पुष्कळदा बिनतिकिटी जाई आणि कोपऱ्यात फक्त "ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस" असे लिहिलेले असे.

शिक्क्यात गावाचे नाव नसून एफ.पी.ओ. आणि एक आकडा असेल तर ते फील्ड पोस्ट ऑफिस आहे. ठिकाण उघड होऊ नये म्हणूनच ही पद्धत होती. इथे बहुतेकांची एक चूक होते: आकडा एकदा कुठेतरी सापडला की तोच पत्ता सर्व कार्डांना लावला जातो. फील्ड पोस्ट ऑफिस सैन्याबरोबर हलत असे. म्हणून आकडा आणि तारीख यांची जोडी करूनच ठिकाण ठरवावे. तारीख अस्पष्ट असेल तर ठिकाणाचा रकाना कोरा ठेवावा.

*आद्याक्षरे.* इंग्रजी एम-ई-एफ ही तीन अक्षरे पाहून बरेच जण फसतात. पहिल्या युद्धात ती मेडिटरेनियन मोहिमी सैन्यासाठीही वापरली जात आणि मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) सैन्यासाठीही, तर दुसऱ्या युद्धात त्यांचा अर्थ मिडल ईस्ट फोर्सेस असा होता. म्हणजे तीच अक्षरे तुर्कस्तानातले गॅलिपोली, इराकमधले बसरा किंवा कैरो यांपैकी कुठलीही असू शकतात. राजा कोणता आहे ते पाहून युद्ध ठरवावे, मगच अक्षरांचा अर्थ लावावा. सी-एम-एफ म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, अर्थात दुसऱ्या युद्धातली इटलीची आघाडी. पायफोर्स म्हणजे दुसऱ्या युद्धातले इराण-इराकमधले सैन्य.

*पलटणीचा नंबर.* भारतीय सैन्याच्या १९२२ च्या फेररचनेत पलटणींचे जुने क्रमांक बदलले. फोटोतल्या खांद्यावर किंवा पत्त्यात १०५ मराठा असे दिसले तर ते १९२२ पूर्वीचे. तीच पलटण पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन झाली आणि २/५ अशी लिहिली जाऊ लागली. तसेच ११० ची ३/५ झाली. महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला झाली, त्यामुळे तिचे नाव असलेला फोटो त्याआधीचा असू शकत नाही.

*कैद्यांचे टपाल.* जर्मन भाषेत "क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट" असा शब्द छापलेला असेल तर ते युद्धकैद्याचे कार्ड आहे. जून १९४२ मध्ये लिबियातले टोब्रुक पडले तेव्हा २/५ मराठाचे शिपाईही कैद झाले, म्हणून त्या पलटणीच्या घरांत अशी कार्डे बारकाईने शोधावीत. याउलट जपानी पोस्टकार्डे किंवा किमोनोतल्या बायकांचे फोटो दिसले की "आजोबा जपान्यांच्या कैदेत होते" अशी गोष्ट घरात रूढ होते. युद्ध संपल्यावर १९४६-४७ मध्ये जपानवर ताबा ठेवणाऱ्या सैन्यात भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात १/५ मराठा ही पलटण होती. बाजारात विकत घेतलेली, शिक्का नसलेली चित्रकार्डे त्या काळातली असण्याचा संभव कैदेपेक्षा पुष्कळ अधिक आहे.

*लिपी आणि तिथी.* पहिल्या युद्धाच्या काळातला मराठी मजकूर मोडीत असू शकतो. तो उर्दू किंवा "गिचमिड" आहे असे समजून सोडू नये. मोडी कागदांचा मोठा संग्रह असलेले धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ खानदेशातच आहे. तिथे मूळ कार्ड न नेता स्वच्छ मोठी छापील प्रत घेऊन जावे आणि मोडी वाचणाऱ्यांबद्दल चौकशी करावी. तारीख शकात असेल तर चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८ आणि माघ-फाल्गुनात ७९ मिळवावेत. शके १८३८ चा मार्गशीर्ष म्हणजे १९१६ चा शेवट, पण त्याच शकाचा माघ म्हणजे १९१७ ची सुरुवात. पौष दोन्ही वर्षांवर पडू शकतो, तो पंचांग पाहूनच लिहावा.

*पत्ता.* १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. म्हणून नंदुरबारच्या शिपायाचा पत्ता कार्डावर "पश्चिम खानदेश" असाच मिळेल. गावाच्या नावापुढचे खुर्द की बुद्रुक हे अक्षर नीट वाचावे. ते चुकले की पुढचा सगळा शोध शेजारच्या गावात जातो.

*तपासणी:* शिक्क्याची तारीख ही टपालाची आहे, चित्राची नाही. जुन्या साठ्यातली कार्डे दुकानांत वर्षानुवर्षे विकली जात. वहीत "चित्र", "खरेदी" आणि "टपाल" या तीन तारखांचे वेगळे रकाने ठेवावेत आणि जे ठाऊक नाही ते रिकामे ठेवावे.

टप्पा ६ : माणसांना विचारणे

मूळ फोटो घेऊन गावभर फिरू नये. मोठ्या आकारात छापलेल्या प्रती न्याव्यात, म्हणजे अधू दृष्टीलाही चेहरा दिसतो आणि कुंकवाचे बोट लागले तरी बिघडत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळी भाऊबंदकी एकत्र जमते. चेहरे ओळखणारी माणसे एका घरात मिळण्याचे हेच दिवस आहेत. आजोबांची बहीण किंवा मुलगी बहुधा त्यांच्या मुलांपेक्षा जास्त सांगते, कारण घरात येणारी पत्रे वाचून दाखवली जात तेव्हा ती ऐकायला घरात असे.

मात्र घोळक्यात विचारू नये. पहिल्याने जे नाव घेतले तेच सगळे उचलतात. एकेकाला वेगळे बसवावे, फोटो हातात द्यावा आणि "हाऊ कोन शे?" (हा कोण आहे?) एवढेच विचारून गप्प राहावे. "हे आपले आजोबा ना?" असा प्रश्न केला तर समोरचा मान राखून हो म्हणतो. सांगणारा अहिराणीत बोलत असेल तर नोंदही अहिराणीतच करावी, तिचे प्रमाण मराठीत भाषांतर करू नये. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज मुद्रित करावा आणि सुरुवातीलाच दिनांक, सांगणाऱ्याचे नाव व नाते उच्चारून घ्यावे.

वहीत आप्पा, नाना, आबा, जिभाऊ एवढेच लिहू नये. आज ते कोण हे सगळ्यांना कळते, तीस वर्षांनी एकाच घराण्यातले चार आप्पा वेगळे करता येणार नाहीत. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव आणि सैनिकाशी नाते लिहावे, आणि सोबत हे कोणी, केव्हा सांगितले तेही लिहावे. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही ठेवावीत.

टप्पा ७ : इतर कागदांशी आणि पदकांशी ताडून पाहणे

डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेले पुस्तक), पेन्शनचे कागद आणि पदके शेजारी ठेवावीत. पहिल्या युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि भारतात दिल्या गेलेल्या दुसऱ्या युद्धाच्या पदकांवरही नाव सापडते. तो नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहावे. चिंच, राख किंवा पॉलिश लावून पदके घासू नयेत, कारण कडेवरची अक्षरे सर्वांत आधी झिजतात. आफ्रिका स्टार असेल तर १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातली तिकडची सेवा, इटली स्टार असेल तर ११ जून १९४३ पासून पुढची, एवढा कालखंड त्यातून पक्का होतो.

फोटोतला सोबती परतला नाही अशी आठवण घरात असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या खुल्या नोंदींमध्ये त्याचे नाव शोधावे. इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाकून पाहावे आणि जिल्ह्यासाठी खानदेश, पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश आणि धुळ्याचे जुने "धुलिया" ही सर्व रूपे वापरावीत.

फोटोत पदके उजव्या छातीवर दिसत असतील किंवा पाटीवरची अक्षरे उलटी असतील तर निगेटिव्ह उलटा ठेवून छापला गेला आहे. वहीत तशी टीप लिहावी. मूळ प्रत "सुधारू" नये.

टप्पा ८ : स्कॅन करणे

पुढची आणि मागची, दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, मागे काही नसले तरी. पोस्टकार्डासाठी ६०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) आणि लहान फोटोसाठी १२०० डीपीआय ठेवावे, काळा-पांढरा फोटोही रंगीतच स्कॅन करावा, आणि आपोआप उजळ करणारे सर्व पर्याय बंद ठेवावेत. स्कॅनची मूळ प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात साठवावी. नेहमीच्या आकाराच्या कार्डाची एक बाजू सुमारे २१ एमबी होते, म्हणजे २०० कार्डांच्या दोन्ही बाजू आठ-साडेआठ जीबीत मावतात. एवढ्यासाठी दर्जा कमी करण्याचे कारण नाही. कागद आत ओढून घेणारे यंत्र वापरू नये, आणि वळलेला फोटो काचेवर दाबून सरळ करू नये.

स्कॅनर नसेल तर उत्तरेकडच्या खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, मोबाइल वस्तूला समांतर धरून आणि कडेला मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा. फाइलचे नाव म्हणजे वस्तूचा क्रमांक आणि पुढे १ किंवा २: ०३-००७-१ ही पुढची, ०३-००७-२ ही मागची बाजू. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास तो लहान होऊन जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी.

टप्पा ९ : परत ठेवणे

त्याच पत्र्याच्या पेटीत, त्याच माळ्यावर परत ठेवू नये. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात पेटी तापते आणि धाब्याच्या घरात पावसाळ्यात माती झिरपते. घराच्या मधल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, जमिनीपासून वर जागा निवडावी. प्रत्येक वस्तू आम्लरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत ठेवावी. नव्या रेक्झिनसारखा वास येणारे अल्बमचे प्लास्टिक पीव्हीसीचे असते, ते फोटोला चिकटते. वर्तमानपत्र, खाकी लिफाफे, सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांतले काहीही नको. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला फोटोंच्या पेटीत घालू नये. कसर आणि वाळवी यांच्यासाठी खरा उपाय म्हणजे कोरडी जागा आणि वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दसऱ्यानंतर, उघडून पाहणे.

प्रेतांचे, कैद्यांचे किंवा परदेशी बाजारात मिळणारे उघडेवागडे फोटो काही पेट्यांत निघतात. लाजेखातर ते फाडू नयेत. क्रमांक देऊन बंद पाकिटात ठेवावेत आणि कोणी उघडावे हे पाकिटावर लिहावे.

टप्पा १० : देणे, वाटणे, विकणे

भावाभावांत मूळ कार्डे वाटली की गठ्ठा संपतो. वाटायच्या त्या छापील प्रती, मूळ संग्रह एका घरात आणि वहीची नक्कल प्रत्येकाकडे, असे आधीच ठरवावे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक मोल असलेली ७५ वर्षांहून जुनी कागदपत्रे पुरावस्तूंत मोडू शकतात आणि पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. इंटरनेटवर परदेशी ग्राहक चांगली किंमत देतो म्हणून पाकीट टपालात टाकण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

संस्थेला द्यायचे ठरले तर वस्तूंच्या क्रमांकांची यादी दोन प्रतींत करावी, तिच्यावर स्वीकारणाऱ्याची सही, दिनांक आणि शिक्का घ्यावा, आणि घरच्यांना पाहण्यास व प्रती घेण्यास मुभा राहील हे वाक्य त्याच कागदावर लिहून घ्यावे. वही मूळ संग्रहाबरोबर जाऊ द्यावी, तिची नक्कल घरी ठेवावी. पेटी रिकामी झाली तरी ती भंगारात देण्यापूर्वी झाकणावरच्या अक्षरांचा फोटो संग्रहात क्रमांकासह लावला आहे ना, एवढे पाहावे.